ते चार ठिपके ग्रहच आहेत : एचआर ८७९९ च्या व्हिडिओवरच्या आक्षेपांना उत्तर

मधे काळा गोल आणि त्याभोवती सावकाश सरकणारे चार ठिपके, असा काही सेकंदांचा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. त्याच्यासोबत हल्ली एक लांबलचक मजकूर फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : हा व्हिडिओ कॉम्प्युटरवर बनवलेला आहे, मधला तारा मुद्दाम पुसलाय, इतक्या लांबचे ग्रह दिसणं शक्य नाही, ग्रहांना स्वतःचा उजेड नसतो, ते ठिपके म्हणजे मागचे तारे आहेत, आणि शास्त्रज्ञांना तर या ताऱ्याचं वयही नीट सांगता येत नाही. शेवटी, आधीही असाच एक ग्रह ‘दाखवून’ नंतर मागे घेतला होता, अशी जोड. शंका विचारण्यात काहीच गैर नाही. पण उत्तरं शोधायचीच नाहीत आणि सरळ ‘फसवणूक’ म्हणून मोकळं व्हायचं, हे मला अजिबात पटत नाही. यातली बहुतेक उत्तरं कितीतरी वर्षांपूर्वीच छापून आली आहेत.

आधी तारा कोणता ते सांगतो. एचआर ८७९९ महाश्व (पेगासस) तारकासमूहात आहे. पूर्वाभाद्रपदा नक्षत्राचे दोन ठळक तारे जोडणारी रेघ मनात काढा. साधारण तिच्या मध्यावर, रेघेला जवळजवळ चिकटून तो आहे. अंतर सुमारे १३३ प्रकाशवर्षं, तेज जेमतेम सहाव्या प्रतीचं, म्हणजे नुसत्या डोळ्यांना कसंबसं दिसेल इतकं. वस्तुमान सूर्याच्या दीडपट आणि वय अवघं काही कोटी वर्षं. तो रूपविकारी आहे : पृष्ठभागावरच्या स्पंदनांमुळे त्याचं तेज साधारण अर्ध्या दिवसाच्या आवर्तनात किंचित कमीजास्त होतं, म्हणून त्याला व्ही ३४२ पेगासी असंही नाव आहे.

‘व्हिडिओ बनवलेला आहे.’ यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायलाच हवं. हे चलच्चित्रण नव्हे. खगोलशास्त्रज्ञ जेसन वांग यांनी केलेल्या मूळ व्हिडिओत हवाईच्या केक वेधशाळेतून सात वर्षांत घेतलेले सात वेध आहेत. दोन वेधांच्या मधली हालचाल कॉम्प्युटरने भरली आहे, आणि हे करणाऱ्यांनीच जाहीर सांगितलंय. २०२३ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीत बारा वर्षं साडेचार सेकंदांत बसवली आहेत. म्हणजे सलगपणा गणिताचा, पण ठिपक्यांच्या जागा मोजलेल्या. त्यात कोणताही ग्रह पूर्ण फेरी मारताना दिसत नाही, आणि दिसला असता तरच संशय घ्यायला जागा होती. सर्वांत आतल्या ग्रहाला एका फेरीला पन्नासएक वर्षं लागतात, सर्वांत बाहेरच्याला साडेचारशेच्या आसपास.

‘तारा पुसलाय.’ हो, पुसलाय. पण कसा पुसला हे समजून घेतलं की आक्षेपातली हवाच निघून जाते. ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीच्या आरशांतून येताना चित्रभर विखुरतो आणि त्याचे शेकडो खोटे ठिपके तयार होतात. ते दुर्बिणीच्या आतल्या रचनेमुळे उमटतात, त्यामुळे दुर्बिणीच्या संदर्भात एकाच जागी चिकटून राहतात. केकसारखी दुर्बीण ताऱ्याचा माग काढते तेव्हा तिच्या नजरेतलं आकाश मात्र त्या ताऱ्याभोवती हळूहळू वळत जातं. एरवी ही वळणी यंत्राने भरून काढतात. इथे ती मुद्दाम तशीच राहू देतात. तास-दोन तासांत अनेक चित्रं घेतली की खोटे ठिपके जिथल्या तिथे राहतात आणि खरा ग्रह ताऱ्याभोवती कोन करून सरकलेला असतो. जे जागचं हललं नाही ते सगळ्या चित्रांतून वजा करायचं, मग चित्रं आकाशाच्या दिशेप्रमाणे फिरवून एकावर एक रचायची. खगोलशास्त्रज्ञ क्रिस्तियाँ मारवा यांनी ही पद्धत आधीच घासूनपुसून तयार केली होती. तिच्याच जोरावर नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांच्या गटाने केक आणि जेमिनी दुर्बिणींतून टिपलेले तीन ग्रह जाहीर केले. चौथा २०१० मध्ये सापडला.

वजाबाकीत चुकून नवा ठिपका तयार होऊ शकतो का? होऊ शकतो. म्हणून तर एका दुर्बिणीवर कोणी विसंबलं नाही. हबल, चिलीमधली व्हीएलटी, ॲरिझोनातली दुहेरी आरशांची एलबीटी आणि आता जेम्स वेब, या सगळ्यांना हे ग्रह दिसले आहेत. पालोमारच्या जुन्या हेल दुर्बिणीच्या आरशाचा फक्त दीड मीटरचा भाग वापरूनसुद्धा २०१० मध्ये तीन ग्रह टिपले गेले. आरसे वेगळे, कॅमेरे वेगळे, आणि ठिपके मात्र त्याच जागी.

‘प्लूटो इतक्या जवळ असून धूसर दिसायचा, मग हे कसे दिसतील?’ इथे दिसणं आणि तपशील दिसणं यांची गल्लत झाली आहे. रात्री घाटातून उतरणाऱ्या ट्रकचे दिवे दुरून दिसतात, नंबरप्लेट वाचता येत नाही. एचआर ८७९९ च्या ग्रहांचा पृष्ठभाग पाहिल्याचा दावा कोणीच केलेला नाही. त्यांची बिंबं एका विकलेपेक्षा (विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) हजारो पट लहान आहेत. दिसतो तो नुसता बिंदू. खरी अडचण अंतराची नाहीच, ती शेजारच्या ताऱ्याच्या झगझगाटाची आहे. सर्वांत बाहेरचा ग्रह ताऱ्यापासून १.७ विकला दूर आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण हजाराव्या भागाइतका.

‘ग्रह स्वयंप्रकाशी नसतात.’ शाळेत शिकलो ते दृश्य प्रकाशापुरतं बरोबर आहे. पण हे ग्रह नुकते जन्मलेले आहेत. आकुंचन पावताना तयार झालेली उष्णता अजून त्यांच्यात साठलेली आहे आणि त्यांचं तापमान ६०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या घरात आहे. इतका तापलेला गोल अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत स्वतःच उजळतो. तिथे तो ताऱ्यापेक्षा दहा हजार ते लाखभर पटींनी मंद भरतो. आपला गुरू दृश्य प्रकाशात सूर्यापुढे सुमारे शंभर कोटी पटींनी मंद असतो. तरुण ताऱ्याची निवड होते ती यासाठीच. शिवाय त्या उजेडाचा वर्णपटही मिळालाय : २०१३ मध्ये ग्रह ‘सी’च्या (चार ग्रहांना बाहेरून आत ‘बी’, ‘सी’, ‘डी’, ‘ई’ म्हणतात) वातावरणात पाण्याची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखला गेला, आणि २०२५ मध्ये वेब दुर्बिणीच्या चित्रांतून कार्बन डायऑक्साइडची खूण जाहीर झाली. दुर्बिणीतल्या डागाला पाण्याची वाफ नसते.

‘ते मागचे तारे आहेत.’ हा आक्षेप सर्वांत चांगला आहे आणि त्याचं उत्तर मला सर्वांत जास्त आवडतं. तारे स्थिर नसतात. एचआर ८७९९ आकाशात दरवर्षी सुमारे ०.१२ विकला सरकतो, म्हणजे दहा वर्षांत सव्वा विकलेच्या आसपास. ठिपके दूरवरचे तारे असते तर ते मागेच राहिले असते आणि तारा त्यांना सोडून पुढे गेला असता. आता गंमत बघा. हबलने ऑक्टोबर १९९८ मध्येच या ताऱ्याची अवरक्त चित्रं घेतली होती. तेव्हाच्या पद्धतींनी त्यांत काही दिसलं नाही आणि ती संग्रहात पडून राहिली. २००९ मध्ये डेव्हिड लाफ्रेनिएर यांनी नव्या वजाबाकीने ती पुन्हा तपासली आणि बाहेरचा ग्रह ‘बी’ हाती लागला. २०११ मध्ये रेमी सुमेर यांनी त्याच जुन्या चित्रांतून ‘सी’ आणि ‘डी’ही काढून दाखवले. शोध जाहीर होण्याच्या दहा वर्षं आधीच्या चित्रांत हे ग्रह ताऱ्याच्या सोबतच आहेत, आणि ताऱ्याभोवतीची त्यांची जागा कक्षेतून सरकावी तेवढीच बदलली आहे. दहा वर्षांनी लागणाऱ्या शोधासाठी १९९८ मध्ये कोणी बनावट पुरावा ठेवून देत नाही.

‘वयच माहीत नाही, तर हे ग्रह कशावरून?’ वयाचा वाद खरा होता. वय जास्त निघालं तर तेवढ्याच उजेडासाठी वस्तुमानही जास्त धरावं लागतं, आणि ते गुरूच्या तेरा पटींपलीकडे गेलं की आपण त्या गोलाला ग्रह म्हणत नाही, तपकिरी बटू म्हणतो, म्हणजे ग्रह आणि तारा यांच्या मधली वस्तू. पण वस्तुमानावर आणखी एक अंकुश आहे. चार जड गोल इतके जवळजवळ असतील तर एकमेकांना ओढून ही व्यवस्था विस्कटून टाकतील. त्यांची आवर्तनं जवळपास १ : २ : ४ : ८ या प्रमाणात बसतात आणि त्या ठेक्यामुळे ती टिकून आहे, तीही वस्तुमानं माफक असली तरच. पुढे २०२१ मध्ये हिप्पार्कोस आणि गाया या उपग्रहांनी मोजलेल्या ताऱ्याच्या स्थानांतून त्याच्या गतीतला सूक्ष्म फरक काढून सर्वांत आतल्या ‘ई’चं वजन केलं गेलं. ते गुरूच्या साडेनऊ पटींच्या आसपास भरलं. या मोजणीत ग्रहाचा उजेड वापरलेलाच नाही. ग्रहाने ताऱ्याला दिलेली ओढ मोजली.

राहिला मागे घेतलेला ग्रह. तो फोमलहॉट ताऱ्याजवळचा, हबलने टिपलेला आणि एचआर ८७९९ च्या बरोबरच नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झालेला. तो अवरक्त किरणांत सापडेना, वर्षागणिक पसरत आणि मंद होत गेला, आणि २०२० मध्ये आंद्राश गास्पार आणि जॉर्ज रीकी यांनी दाखवलं की ती टकरीतून उडालेली धूळ असावी. ही चूक कोणी बाहेरच्याने पकडली नाही. वर सांगितल्या तशाच तपासण्यांत ती उघडी पडली, आणि त्याच तपासण्यांतून एचआर ८७९९ चे चारही ठिपके सुखरूप बाहेर आले.

‘सामान्य माणसाला हे तपासताच येत नाही,’ असं त्या मजकुराच्या शेवटी म्हटलंय. हबल आणि केक या दोन्हींचे जुने वेध ऑनलाइन संग्रहात कोणालाही मोफत उतरवता येतात, आणि वजाबाकी करणारे प्रोग्रामही खुले आहेत. आकडे हाताळायची सवय असलेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी जिद्दीने बसला तर ‘बी’ स्वतः शोधून काढू शकतो.