शिळ्या शागोतीला अर्धचंद्र

जेवणं आटोपली की भांड्याच्या तळाशी जे उरतं त्याचं माप ठरलेलं असतं: एकाला जास्त, दोघांना कमी. टाकवत नाही आणि वाढवतही नाही. मग ते आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात शिरून फ्रिजमध्ये बिऱ्हाड करतं. दुसऱ्या दिवशी आइस्क्रीमच्या आशेनं डबा उघडणाऱ्याला आत चिकन शागोती, म्हणजे गोव्याचा खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा, भेटते. ह्या बिऱ्हाडकरूला सन्मानानं बाहेर काढायचा गोव्यात एकच मार्ग मला पटतो: रिसॉईस. पोर्तुगीजांकडून आलेला हा तळलेला अर्धगोल लग्नावाढदिवसाला पोटात सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन मिरवतो. पण पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही, हा त्याचा खरा गुण.

घरी पफचे पॅटिस करू म्हणणाऱ्याला आधी पंख्याखाली बसवावं. पदर सुटायला लोणी थंड आणि घट्ट लागतं. आपल्याकडच्या मे महिन्यात दुसऱ्या घडीलाच ते पिठात जिरतं आणि ओव्हनमधून जाडजूड बिस्कीट बाहेर येतं. रिसॉईसचं पीठ आधीच शिजवलेलं असल्यामुळे त्याला उकाड्याचं भय नाही.

१ वाटी पाणी (अर्धं दूध चालतं), १ मोठा चमचा लोणी आणि चिमूट मीठ खळखळून उकळायचं. आच मंद करून त्याच वाटीनं १ वाटी मैदा एकदम ओतायचा. एकदम म्हणजे एकदमच. चिमटीनं भुरभुरवलात तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत साथ सोडत नाहीत. गोळा भांड्याच्या कडा सोडेपर्यंत दणकून ढवळायचं, मग हाताला सोसेल इतका कोमट झाला की मळायचा. चिकटला तर वरून चमचाभर मैदा, त्याहून जास्त नको, नाहीतर लाटताना कडा फाटतात. गरम पाण्यात मैद्याचा चिवटपणा कमी होतो, म्हणून लाटलेली पोळी मागे आक्रसत नाही. झाकायला ओलं फडकं हवंच. उघड्यावर पिठाला साय धरते.

खरी लढाई सारणाशी. शागोतीत खोबरं, खसखस, मसाला, सगळं छान असतं आणि सगळं ओलं असतं. ओल्या सारणाची तेलात वाफ होते, वाफ दार शोधते आणि दार नसलं तर पाडते. म्हणून हाडं काढून मांस बारीक तोडायचं, रस्सा वेगळा आटवायचा, वर आलेलं तेल काढून टाकायचं आणि मांसाला धरून राहील एवढाच मसाला परत घालायचा. कढईत उलथनं फिरवल्यावर मागे वाट मोकळी राहिली की झालं. मग पूर्ण गार करायचं. कोमट सारण भरणारा माणूस घाईत असतो, आणि त्याची कढई साबणाच्या पाण्यासारखी फसफसते.

पातळपणा जाईना तर १ चमचा लोण्यात १ चमचा मैदा परतून अर्धी वाटी दूध घालतात. हे सुंगटांना शोभतं, पण हुमणात, म्हणजे नारळाच्या आमटीत, चिंच किंवा सोलं (आमसुलं) असतील तर दूध फाटतं. तिथे दुधाऐवजी हुमणाचाच रस घालावा. आयती शिजलेली सुंगटं शेवटी, आच बंद केल्यावर, चिरून मिसळावी. पुन्हा शिजवली की रबर.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, खतखत्यावर (अनेक भाज्यांच्या रसभाजीवर) माझा विशेष लोभ आहे, पण त्याच्यात चोर फार. मक्याच्या कणसाचे तुकडे आणि शेंगा उपसणं सोपं असतं. तेफळं, म्हणजे तिरफळं, मात्र मोजून काढावी लागतात. पाहुण्याच्या दाढेखाली तेफळ आलं तर त्याची जीभ बधिर होते, आणि तो कौतुक करतोय की मदत मागतोय ते कळत नाही. बाकीच्या भाज्या कुस्करून कोरड्या परताव्या. भेंडीच्या वाटेला जाऊच नये. आणि ओल्या खोबऱ्याला आंबूस वास आला असेल तर तळून तो लपत नाही. तिथे केराची बादली हेच उत्तर.

पोळी २-३ मिलिमीटर जाड लाटून ८ सेंटिमीटरच्या वाटीनं कापायची. सारण १ चमचा, शीग न लावता. कडेला पाण्याचं बोट, दुमड, आतली हवा बाहेर काढून घट्ट दाब. मग फेटलेलं अंडं, मग पावाचा चुरा. कालचे उंडे (गोव्याचे गोल पाव) वाळवून केलेला चुरा उत्तम. पोयांचा, म्हणजे कोंड्याच्या पावांचा, चुरा मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून तळणीचा अंदाज येत नाही. तेल मध्यम गरम हवं. चुऱ्याचा कण टाकला की लगेच बुडबुडे यावेत, पण काळा पडू नये. एका वेळी चार. सगळे एकदम लोटले की तेल थंडावतं आणि रिसॉईस ते पिऊन टाकतात.

एवढ्यात पंधरा-सोळा होतात. तळण्याआधी ताटात सुटे ठेवून फ्रीझरमध्ये गोठवता येतात. मग तसेच, न वितळवता, मंद आचेवर तळायचे.

खाणारे विचारतातच, "वहिनी, आत काय घातलंय गो?" ह्यावर "मसाला" एवढंच सांगावं. कालच्या जेवणाला जे हजर होते त्यांनी गप्प बसावं, अशी अपेक्षा असते. ती पुरी होत नाही.

सारण आणि पीठ एकाच वेळी संपल्याचं कुठल्याही स्वयंपाकघरात कुणी पाहिलेलं नाही. पीठ उरलं तर पातळ लाटून शंकरपाळ्यासारखं कापून तळावं, वर मीठ-मिरपूड. अंड्यात उरलेला चुरा कालवला की एक छोटं ऑम्लेट होतं. सारण उरलं तर उभ्याउभ्या पावात भरून खाऊन टाकावं, आइस्क्रीमचा डबा कुणाच्या हाताला लागायच्या आत.