तळ्यात-मळ्यात

घरामागे गळकं तळं असलं की माणसाला सल्लागारांची ददात पडत नाही. छत गळत असेल तर लोक हळहळतात, नळ गळत असेल तर वॉशर बदला म्हणतात. तळं गळतंय म्हटलं की मात्र ज्याच्या त्याच्या अंगात भूगर्भशास्त्रज्ञ संचारतो. कुणाच्या मते आमची जमीन तहानलेली आहे, कुणाच्या मते ऊन कडक आहे. एकाने तर गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "पक्षी पितात हो." हा पक्षी मला एकदा बघायचा आहे. लांबूनच.

तळं आम्हाला घराबरोबर मिळालं. आधीच्या मालकांनी हौसेने बांधून घेतलेलं. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा ते काठोकाठ भरलेलं होतं आणि पाइपाचं तोंड तेवढं ओलं होतं. त्याचा अर्थ पुढे लागला. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, अर्धा मीटर खोल. म्हणजे तीन हजार लिटर पाणी, वजनात तीन टन. हे तीन टन ज्या जमिनीवर बसवले ती अर्धी कठीण आणि अर्धी भरावाची. भराव दबत जातो, कठीण जमीन जागची हलत नाही, आणि या दोघांच्या भांडणात सिमेंटचा तळ मधोमध फाटतो. आत लोखंडी जाळी असती तर भेग केसाएवढी राहिली असती. जाळीला फाटा दिला होता. निळ्या रंगाचे मात्र दोन हात मारलेले होते.

गळती आहे की पाणी उडून जातंय, हे ओळखायची युक्ती फार साधी आहे. तळ्यात विटा ठेवून त्यावर तळ्याच्याच पाण्याने भरलेली बादली ठेवायची, बादलीत आणि तळ्याच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खूण करायची, पंप बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. ऊन दोघांना सारखंच; तळं जास्त उतरलं तर तळं गळतंय.

"अहो, पाण्यात पाणी कशाला ठेवलंय?" बायकोने खिडकीतून विचारलं. मी शास्त्र समजावलं. ती म्हणाली, "बरं," आणि खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी नखभर उतरलं होतं आणि तळ्यातलं वीतभर. उन्हाच्या पक्षाचे शेजारचे काका मुद्दाम बघायला आले. दोन्ही खुणा वाकून तपासल्या, थोडा विचार केला आणि म्हणाले, "बादलीवर सावली पडत असेल."

मग गवंडी आला. आधीच्या गवंड्याचं काम बघितलं की "कोणी केलंय हे?" असं विचारल्याशिवाय कुठलाही गवंडी थापीला हात लावत नाही. यानेही विचारलं, उकिडवा बसून भेगेत नख घातलं आणि निदान केलं: "सिमेंटने भरून टाकू."

"पण जमीन अजून दबत असेल तर पुन्हा फुटेल ना?"

"फुटली तर पुन्हा भरू, साहेब. मी कुठे जातोय?"

माणूस प्रामाणिक होता. भेग जिवंत असेल तर ती सिमेंटला दाद देत नाही, आणि आयुष्यभर त्याच्याशी ऋणानुबंध ठेवायची माझी तयारी नव्हती. म्हणून तळ्याला आतून रबराचं लायनर लावायचं ठरलं. भेग हलली तर तेही थोडं ताणतं, फाटत नाही. त्याचं माप काढताना भल्याभल्यांची गल्लत होते. लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची, वर दोन्ही काठांवर तीस-तीस सेंटिमीटर पसरायला ठेवायचं. आमच्या तीन बाय दोनच्या तळ्याला चार पूर्णांक सहा बाय तीन पूर्णांक सहा मीटरचं कापड लागलं. ते अंगणात पसरल्यावर "आपण पोहायला तलाव करतोय का?" अशी घरात चौकशी झाली. लायनरखाली जाड कापडाचा थर घातला, म्हणजे सिमेंटची टोकं टोचू नयेत.

त्याआधी काठ मोजायचा होता. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन काठांवर धरायची. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीत येतं. एक टोक माझ्या हातात, एक गवंड्याच्या. माझ्याकडचं पाणी खुणेवर यायला तयारच नाही. गवंड्याने नळी डोळ्यांजवळ नेली. मधल्या वाकात मुगाएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. त्याने नळीला नखाने टिचक्या मारत त्याला इंचाइंचाने वर हाकलला, तो तोंडाशी येऊन फुटला, आणि दोन्ही टोकांचं पाणी जरा डुचमळून थांबलं. पलीकडचा काठ सहा सेंटिमीटर खाली निघाला. म्हणजे तळं त्या काठावरून सांडल्याशिवाय या काठापर्यंत भरणं शक्यच नव्हतं. इतकी वर्षं या बाजूला जो निळा पट्टा दिसत होता, ती आधीच्या मालकांना नक्षी वाटली असावी.

धबधब्याचं प्रकरण याहून वरताण. तळं खणताना निघालेली माती लांब कुठे न्यायची, म्हणून ती काठावरच ढीग करून ठेवलेली. ढिगावर दगड रचले, दगडांतून नळी काढली, झाला धबधबा. सैल माती खचली, दगड मागे कलले, आणि पंपाने वर चढवलेलं निम्मं पाणी दगडांच्या पाठीमागून गवतात पसार व्हायला लागलं. बागेचा तेवढा कोपरा हिरवागार होता. त्याचं श्रेय बायको खताला द्यायची. शिवाय पाऊस पडला की ढिगाची माती तळ्यात. म्हणून ढीग हलवला, आणि उरलेल्या बागेला उतार दिला तो तळ्यापासून लांब.

इथे निसर्गाचा एक खोडसाळ नियम आडवा येतो. खणलेली माती फुगते. जमिनीत घट्ट बसलेली असते त्याच्या सव्वापट सहज होते. मातीची घमेली वाहून वाहून तीन कोपरे भरले, फुलझाडांचे वाफे वीतभर उंच केले, तरी ढीग आहे तेवढाच. शेवटी उरलेल्या मातीवर गवत लावून, वर दोन दगड ठेवून बायकोने तिचं 'लँडस्केप' असं नामकरण केलं. येणारे-जाणारे कौतुक करतात. ती मान्य करते.

तळं भरलं. आठवड्याभरात पाणी हिरवं झालं. सल्लागार परतले: पाणी बदला. पण नव्या पाण्याबरोबर शेवाळाला नवं खाद्य मिळतं आणि ऊन तर आहेच, त्यामुळे बदललेलं पाणी पुन्हा हिरवं होतं. त्यापेक्षा कमळासारख्या झाडांच्या पानांनी निम्मं पाणी झाकावं आणि वाट बघावी. वाट बघा हा सल्ला मात्र कुणीच देत नाही. त्यात सांगणाऱ्याला कसलं समाधान?

आता माशांचं चाललंय. काठाचे दगड सिमेंटमध्ये बसवलेत, आणि ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो, पीएच वर चढतो, माशांना ते सोसत नाही. म्हणून मी रोज पट्टी बुडवतो आणि रंग ताडून बघतो. मुलांनी माशांची नावं ठरवली आहेत, त्यावरून भांडणंही झाली आहेत. काका कालच येऊन गेले. त्यांच्या मते मासे आत्ताच सोडायला हरकत नाही, फक्त बादली बाहेर काढा.