अण्णा नाईकांवर जीव कसा लावावा

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आपण पाहिली असेल आणि पाहताना भलत्याच माणसासाठी डोळे पुसले असतील, तर पुढील मार्गदर्शन आपल्याच हिताचे आहे. भुताची मालिका पाहणे सोपे असते; अवघड असते ते कोणाची बाजू घ्यावी हे वेळीच ओळखणे.

२०१६ साली ही मालिका सुरू झाली तीच मुळी अण्णा नाईकांच्या मृत्यूने, आणि अण्णा जिवंतपणी कसे होते हे सविस्तर सांगणारा दुसरा भाग आला २०१९ मध्ये. म्हणजे आपण आधी तेराव्याचे जेवून आलो आणि मयताशी ओळख नंतर झाली. याबद्दल कुरकुर करू नये. शेवट ठाऊक असल्याचा मोठा फायदा असा, की हा मनुष्य पुढे मरणारच आहे या आधारावर त्याचे सगळे गुन्हे आगाऊ माफ करता येतात.

आणि माफ करण्याजोगे पुष्कळ आहे. अण्णा लोभी आहेत, लंपट आहेत, गावाला धाकात ठेवतात, बायकोला पायपुसण्याइतकी किंमत देतात आणि माणूस मारताना त्यांचा हात थरथरत नाही. अशा वेळी मनाला टोचणी लागलीच, तर ‘काम मात्र काय जबरदस्त केले आहे!’ असे मोठ्याने म्हणावे. अण्णा साकारणाऱ्या माधव अभ्यंकरांचे काम खरोखरच उत्तम असल्यामुळे या वाक्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही. दोन-तीन वेळा म्हटले की नटाचे कौतुक कोठे संपते आणि अण्णांचे कोठे सुरू होते, हे आपले आपल्यालाच कळेनासे होते. एवढे करूनही कोणी अण्णांच्या पापांचा हिशेब मागितलाच, तर नाईकांच्या विसरभोळ्या गड्याचे, पांडूचे, ‘इसरलंय’ हे उत्तर कोणत्याही चौकशीला पुरते.

शेवंता म्हणजे अण्णांची प्रेयसी. तिच्या बाबतीत दोन स्वतंत्र वह्या ठेवाव्यात, एक पडद्यासाठी आणि एक शेजारपाजाऱ्यांसाठी. आमच्या इमारतीतील एका काकूंनी हे तंत्र पूर्णपणे आत्मसात केले होते. दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी नोकरीवरून रात्री साडेदहाला परतते, हे त्यांना नेमके ठाऊक असे, कारण त्याच वेळी त्या शेवंताची वाट पाहत टीव्हीसमोर बसलेल्या असत आणि जिन्यातील चपलांचा आवाज ऐकून एकदा कपाळाला आठी घालीत. आठी मोडेपर्यंत पडद्यावर शेवंता आलेली असे. पुढे हळदीकुंकवाला काकू अंबाड्यावर अबोलीचा वळेसर माळून आल्या आणि ‘शेवंतासारखा दिसतो ना?’ असे त्यांनी चारचौघींत विचारले. भाडेकरू मुलीला त्या हळदीकुंकवाचे बोलावणे नव्हते, हे सांगायला नकोच.

शेवंताचा नवरा पाटणकर हा गरीब मनुष्य आहे. त्याच्यावर हसून पुढे जावे.

तिसऱ्या भागात अण्णा आणि शेवंता भुते होऊन परतली, आणि तो भाग चालू असताना शेवंताच्या भूमिकेत अपूर्वा नेमळेकर यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या. येथे मात्र प्रेक्षकाने अत्यंत कठोर व्हावे. मेलेली बाई वाड्यात हिंडते, हे पटवून घ्यायला हरकत नाही. पण मेलेल्या बाईचा चेहरा बदलतो, हे काही केल्या पटता कामा नये. भूत हवे ते रूप घेते असे लहानपणी आजीने सांगितलेले आठवले, तरी ते गिळून टाकावे आणि ‘आमची शेवंता परत आणा’ या मागणीवर ठाम राहावे. तर्क कोठेतरी वापरावा लागतो, तो येथे वापरावा. इतरत्र वापरल्यास आपली नीलिमा होते. पहिल्या भागातील ही शिकलेली सून वाड्यातील प्रत्येक प्रकारामागचे कारण शोधू पाहत असे, आणि तिच्या प्रश्नांचा वाड्यातील माणसांइतकाच घरोघरीच्या प्रेक्षकांनाही कंटाळा येत असे. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ सालीच झाला होता, पण साडेदहानंतर तो कोणाला आठवावा?

राहता राहिल्या अण्णांच्या पत्नी माई. नवऱ्याने आयुष्यभर छळलेली, तरी त्याच्याच नावाचे कुंकू लावून घर धरून बसलेली ही बाई तिन्ही भागांत आहे, आणि भुताखेतांपेक्षा तिला जिवंत माणसांनीच जास्त गांजले आहे. तिच्या प्रसंगांचा उपयोग घरकामासाठी करावा. विरजण लावणे, गॅसचा खटका बंद आहे का ते पाहणे, उद्याची मटकी भिजत घालणे, एवढे सगळे माईंच्या एका रडण्यात आरामात आटोपते. परत येऊन बसताना काही चुकले का, असे विचारण्याची पद्धत आहे. आमच्याकडे त्याचे उत्तर ठरलेले असे.

“काही नाही गं, माई होती. बस, आता शेवंता येईल.”