हिरोशिमाचा बॉम्ब आणि रेडियम हिल : खुलासा

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रेडियम हिल या बंद खाणीच्या युरेनियमपासून हिरोशिमावरचा बॉम्ब बनला, असा मजकूर फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. बॉम्ब पडला १९४५ मध्ये. रेडियम हिलला युरेनियमचं उत्पादन चाललं १९५४ ते १९६१. बॉम्बसाठीचं बहुतांश खनिज बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीतलं होतं.

गोंधळ बहुधा १९०६ या सालामुळे होत असावा. खनिज तेव्हाच सापडलं, पण तेव्हा मागणी युरेनियमला नव्हे, त्यातल्या रेडियम या किरणोत्सारी मूलद्रव्याला होती. काळ्या, काचेसारख्या चकाकणाऱ्या त्या खनिजाला भूगर्भशास्त्रज्ञ डग्लस मॉसन यांनी ‘डेव्हिडाइट’ नाव दिलं. त्यात लोह-टायटॅनियमच्या ऑक्साइडमध्येच युरेनियम अडकलेलं असतं. ते सोडवायला पोर्ट पिरी या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्याच शहरात आम्लाची प्रक्रिया करावी लागे.

सांगायचंच तर रेडॉन या किरणोत्सारी वायूमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाला बळी पडलेल्या खाणीतल्या कामगारांबद्दल सांगा.