घाऊक खरेदी आणि त्या काचेच्या बरण्या

सकाळपासून एक व्हिडिओ डोक्यात बसलाय. तुमच्यातल्याच काहींनी शेअर केलाय, म्हणून जास्त बोलत नाही. अख्खी भिंतभर एकसारख्या काचेच्या बरण्या, खिडकीतलं ऊन थेट त्यांच्यावर, शेगडीशेजारी तेलाचा मोठा डबा, आणि ऐटीत एक वाक्य: आम्ही वर्षाचं सामान एकदम भरतो म्हणून आमचे पैसे वाचतात. इथवर ठीक होतं. पण खाली एका बाईंनी साधं लिहिलं की आम्ही आठवड्याला लागेल तेवढंच आणतो, तर त्यांना संसार शिकवायला ढीगभर लोक धावले. तिथे डोकं फिरलं.

त्या भिंतीने पैसे वाचवले की नाही हे तो व्हिडिओ बघून कळूच शकत नाही. मोठं पाकीट किलोमागे 20 टक्के स्वस्त पडलं आणि त्यातला पाचवा हिस्सा फेकला, तर जे खाल्लं ते जुन्याच भावाने खाल्लं. ओझं वाहिलं, जागा अडवली, ते वर. सवलत 10 टक्के असेल तर दहावा हिस्सा वाया गेला की खेळ खलास. त्यामुळे खरेदीच्या दिवशी बचत किती झाली हे कुणालाच माहीत नसतं. पाकीट संपेल तेव्हा बोला.

आणि मोठं पाकीट स्वस्तच असतं हे कुणी सांगितलं? किंमत भागिले वजन, एवढं गणित मोबाईलवर होतं, पण करत कुणी नाही. लहान पाकिटावर सवलत चालू असली की तेच स्वस्त पडतं आणि मोठं तसंच मूळ किमतीत शेजारी उभं असतं. पाकीट दिसायला तेवढंच, आत 1 किलोऐवजी 900 ग्रॅम, हेही नेहमीचं. धुण्याच्या पावडरीत तर किलोचा भाव बघूच नका. एका धुण्याला किती ग्रॅम लागते ते मागे छापलेलं असतं, त्यावरून धुण्यामागचा खर्च काढा. दाट पावडर किलोला महाग दिसते आणि धुण्याला स्वस्त निघते, फक्त जुन्या पावडरीचा मोठा चमचा तिच्यात वापरायचा नाही. टॉयलेट पेपरचे रोल मोजू नका, एका रोलमध्ये किती कागद, किती पदरी आणि केवढे, ते बघा.

आता त्या बरण्या. तांदळाच्या बरणीत किडे 'बाहेरून येतात' असं सगळे समजतात. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते आणि उबदार हवेत साधारण महिन्याभराने किडा बाहेर पडतो. म्हणजे पोतं घरी आलं तेव्हाच पाहुणे आत असू शकतात, बरणी कितीही घट्ट असो. तमालपत्र टाकून दाण्याच्या आतली अळी मरत नाही. ऊन दाखवलं की वरचे किडे पळतात, आतले राहतात. खात्रीचा उपाय म्हणजे उणे 18 अंशांवर 4 दिवस. तेही एक-दोन किलोच्या पिशव्या करून, कारण मोठ्या पिशवीचा गाभा गार व्हायलाच वेळ लागतो. आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही! खोलीच्या तापमानाला आली की मगच. नाहीतर हवेतली वाफ गार दाण्यांवर बसते, आणि किड्यांतून सुटलेला तांदूळ बुरशीच्या तावडीत जातो.

दुसरी खोड: जुन्यावर नवं ओतणं. तळाचं धान्य वर येतच नाही, तिथली कीड नव्याला लागते. आधी डबा रिकामा, मग धुणं, मग पूर्ण कोरडा (झाकणाच्या आट्यांत अडकलेलं पीठ जुन्या ब्रशने काढा, जाळी लागते ती तिथूनच), मग नवं भरणं. डबा जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, खाली फळी द्या, ओल तिथूनच चढते.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते मात्र किड्यांत नाही, खवटपणात. कारण तो दिसत नाही. गव्हाचं कोंड्यासकटचं पीठ मैद्यापेक्षा फार लवकर खवट होतं, कारण अंकुरातलं तेल त्यात दळलं जातं. हातसडीचा तांदूळ सहा-आठ महिन्यांत उतरतो, पांढरा वर्षानुवर्षं राहतो. सुकामेवा, तीळ, जवस, सगळी तेलकट मंडळी. उजेड, उष्णता आणि हवा हे त्यांचे तीन वैरी, आणि त्या व्हिडिओत तिघांनाही रीतसर आमंत्रण होतं. पारदर्शक काच, समोर ऊन, शेजारी शेगडी! तेलाचं गणित करा: 500 मिलीची बाटली 25 दिवस पुरत असेल तर 5 लिटरचा डबा 250 दिवस चालणार. आठ महिने तो अर्धवट डबा उघडझाप होत शेगडीजवळ बसणार. घ्यायचाच असेल तर आणल्या दिवशी गडद बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा कमी राहते, आणि एकेकच उघडा.

मसाले अख्खे असतील तर वर्षं काढतात. दळलेले सडत नाहीत, फक्त वास जातो, मग दुप्पट घालावे लागतात. कडधान्य खराब होत नाही असं म्हणतात, पण उष्ण-दमट जागी वर्षभर पडलं की दाणा असा कठीण होतो की रात्रभर भिजवूनही शिजत नाही, गॅस मात्र जळतो. बेकिंग पावडर उघडल्यावर ओल खाऊन मरते. अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली नाही तर केक बसणार. क्लोरीन ब्लीचची ताकद बंद बाटलीतही उतरत जाते, उन्हाळ्यात भराभर, त्यामुळे वर्षाच्या बाटल्या भरण्यात शहाणपण नाही.

मग एकदम घ्यायचं काय? मीठ, साखर (ओलीपासून जपा), पांढरा तांदूळ, कागदी सामान, कचऱ्याच्या पिशव्या, अंगाचा साबण. साबणाचं वेष्टन काढून हवेशीर ठेवलं तर वडी सुकून कडक होते आणि हळू झिजते. अल्कलाइन बॅटऱ्या वर्षानुवर्षं टिकतात, पण फ्रिजमध्ये नको, दव धरतं. सुट्या करून नाणी-किल्ल्यांच्या खणात तर अजिबात नको, धातूने टोकं जुळली की बॅटरी तापते.

किती घ्यायचं ते ठरवायला पाकिटावर पेनाने दोन तारखा लिहा, उघडल्याची आणि संपल्याची. एवढ्याने घरचा खरा वेग कळतो, जो अंदाजापेक्षा कमीच निघतो. उघडल्यावर वस्तू जितके दिवस चांगली राहते त्याच्या निम्म्या दिवसांत संपेल एवढंच घ्या. निम्मं अशासाठी की मध्ये पाहुणे, प्रवास, आजारपण येतंच. बिस्किटं, चॉकलेट, खारे पदार्थ या हिशेबात धरू नका. घरात जास्त असले की जास्त खाल्ले जातात, साठा लांबत नाही.

फेऱ्या कमी होतात, अडीनडीला घरात काहीतरी असतं, हे मान्य. बरं, पुढे.

त्या बाईंबद्दल अजून एक. महिन्याच्या सुरुवातीला मोठी रक्कम एकदम काढता येणं ही सोय आहे, गुण नव्हे. ज्याच्याकडे ती नाही त्याला लहान पुडी किलोमागे महाग पडते, हे त्यालाही कळतं हो! त्याला गणित येत नाही असं समजणाऱ्यांचा राग येतो. आणि उसनवारीने घाऊक घ्यायला निघालात तर महिना 3 टक्के व्याजाने 10 टक्के सवलत चार महिन्यांच्या आत गिळली जाते. वर्षाची फी घेणाऱ्या दुकानांचंही तेच: सरासरी 10 टक्के वाचत असतील तर फीच्या दहापट खरेदी होईपर्यंत तुम्ही फक्त फी वसूल करताय. लहान घर, दोन माणसं, साठवायला जागा नाही, अशा वेळी आठवड्याचं आणणं हा चोख व्यवहार आहे. त्या बाई कदाचित कमी फेकत असतील. त्या बरण्यांत काय फेकलं जातं ते कुणी चित्रित करत नाही.

जागा नाही आणि भाव तर हवाय, तर दोन-तीन घरांनी मिळून एक पोतं घ्या. वाटणी पोतं आलं त्याच दिवशी, काट्यावर. प्रत्येकाने आपला कोरडा डबा आणायचा, आधी रिकाम्याचं वजन करून झाकणावर लिहायचं, मग भरायचं. सांडलं, वजन कमी भरलं तर तूट कोण सोसणार हे आधीच बोलून घ्या, नंतर तोंडं वाकडी होतात. तेल आणि कोंड्याचं पीठ या वाटणीत धरू नका. पोत्यावरच्या तारखेचा आणि बॅच नंबरचा फोटो सगळ्यांनी काढून ठेवा, कारण रिकामं पोतं एकाच्याच घरी जातं आणि तक्रार करायची वेळ आली की छापील मजकूर त्याच्यावरच असतो.