रंगाचे दोन हात मारले म्हणजे गळती थांबत नाही

मे महिना लागला की एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. त्यात म्हटलेले असते: काँक्रीटमधून पाणी जात नाही, जाते ते फक्त भेगांतून. म्हणून गच्चीच्या भेगांत पांढरे सिमेंट भरा, वर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारा, ओल्या भिंतींना आतून डॅम्पप्रूफ लावा, खिडकीची सगळी भोके सिलिकॉनने बुजवा. दहा वर्षे घरात थेंब येणार नाही. आणि शेवटी, ‘जुन्या लोकांना हे ठाऊक नव्हते, म्हणून ते दरवर्षी कौले चाळत बसायचे.’

आमच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी नेमके हेच केले. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. जुलैत आईच्या खोलीत पंख्याच्या हुकातून पाणी टपकू लागले, तिचा पलंग हॉलमध्ये आणावा लागला. म्हणून हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांना कळकळीने सांगावेसे वाटते.

काँक्रीटमधून पाणी जात नाही, हे पहिलेच विधान चूक आहे. काँक्रीटमध्ये बारीक छिद्रे असतातच. पाणी वाहून गेले तर त्यांचा त्रास होत नाही, पण ते गच्चीवर दिवसेंदिवस तुंबले तर मुरते आणि आतल्या सळईपर्यंत पोचते. सळई गंजली की फुगते आणि खालचे प्लास्टर ढलप्यांनी सुटते. त्यामुळे सगळ्यात आधी बघायचा तो उतार. मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर ढाळ हवा आणि तो थेट पावसाळी पाइपच्या तोंडाकडे हवा. बादलीभर पाणी ओतून बघा, कुठे डबके राहते ते लगेच दिसेल.

पाण्याचा हिशोबही करून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे तो होतोच, तर दहा हजार लिटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे तेवढ्याच गच्चीवर चौऱ्याण्णव हजार लिटरहून जास्त. पाइपच्या तोंडाशी पिंपळाची पाने आणि प्लास्टिकची पिशवी अडकली असेल तर एवढे पाणी कुठला रंग अडवणार?

पांढरे सिमेंट भेगेत भरले की ते कडक होते. स्लॅब मात्र उन्हात प्रसरण पावतो आणि पावसाची सर आली की आकसतो. भेग हलते, सिमेंट हलत नाही, आणि त्याच्या कडेने नवी केसासारखी भेग पडते. तिथे लवचीक भरणच लागते. शिवाय सगळ्यात जास्त पाणी शिरते ते गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यातून. जुने गवंडी तिथे गोलाई देऊन ‘वाटा’ मारायचे. आमच्याकडे नेमका तोच वाटा फुटला होता. पाणी तिथून आत गेले, कोब्याखालून (स्लॅबवरच्या जलरोधक थराखालून) सरकत खोलीच्या मध्यापर्यंत आले आणि स्लॅबमधल्या विजेच्या पाइपातून पंख्याच्या हुकाशी उतरले. थेंब पडतो त्याच्या बरोबर वरच भोक असते असे नाही. (हुकातून पाणी येत असेल तर आधी त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करा, बाकीचे नंतर.)

रंग वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. डब्यावर लिहिलेली हमीची वर्षे नीट घासलेल्या, पूर्ण कोरड्या आणि उतार असलेल्या पृष्ठभागासाठी असतात. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर घाईने ओल्या गच्चीवर मारलेल्या रंगाखाली वाफ अडकते आणि पहिल्याच उन्हात फोड येतात.

आतून डॅम्पप्रूफ लावण्याचेही तसेच. पाणी बाहेरून येते आणि रंगाला पाठीमागून ढकलते. वर्षाच्या आत पोपडे सुटतात, लोणा लागतो. आपल्याकडे नैऋत्येच्या वाऱ्याने झड भिंतीवर आदळते, तेव्हा इलाज बाहेरूनच करायचा: खांब आणि विटांची भिंत जुळते तिथली चीर, छज्ज्याच्या खालच्या अंगाला थेंब तोडणारी खाच, पाइपभोवतीची फट.

सिलिकॉनचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूने छोटी भोके मुद्दाम ठेवलेली असतात, रुळात साठलेले पाणी निघून जावे म्हणून. ती बुजवलीत तर रूळ भरतो आणि पाणी आत, गादीवर येते. ती भोके तारेने साफ करा. चौकट आणि भिंत यांच्यातली फट मात्र जरूर भरा.

आता कौले चाळण्याबद्दल. माझे आजोळ चिपळूणजवळ आहे. भिंतीचा जांभा दगड पाणी पितो हे तिथल्या माणसांना पक्के ठाऊक होते. म्हणून जोते उंच, छपराचा उतार चांगला तीव्र, वळचण भिंतीपासून हातभर पुढे, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून लांब पडाव्यात. पडवीला झावळ्यांच्या झडी बांधायच्या. मेमध्ये मामा कौलांवर चढायचा, फुटलेली बदलायचा, पन्हळातला पाचोळा काढायचा. घरात गळती असेच, पण एखाददुसऱ्या ठिकाणी आणि त्याच दिवशी सापडणारी. दरवर्षी वर चढून बघणे हे अडाणीपण नव्हते. तीच सवय स्लॅबच्या गच्चीलाही लागते.

या संदेशाच्या एका आवृत्तीत ‘वरच्या मजल्यावाल्यांनी आपापली गच्ची करून घ्यावी’ असेही आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक गच्चीची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती हा सोसायटीचा खर्च आहे. फ्लॅटच्या आतल्या न्हाणीघराची गळती सभासदाची. नव्या इमारतीत ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार विकसकाने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. त्यामुळे पहिल्या मोठ्या पावसात ओल कुठे उमटते त्याचे तारखेसकट फोटो काढा, सोसायटीला लेखी द्या आणि काम पाऊस संपून गच्ची नीट वाळल्यावर काढा. काम झाल्यावर पाइपची तोंडे बंद करून दोन दिवस पाणी साठवा आणि खालच्या खोलीत छताकडे बघा. ठेकेदाराचे शेवटचे पैसे त्यानंतर.