मुलांना ‘ठेवायचं’ कुठे म्हणे!

आज सकाळी लालबागच्या मसाला गल्लीतून घरी आले. पिशवीत चार किलो मसाला, डंकावर कुटून नुकताच काढलेला, पिशवीला हात लावला तर कोमट लागेल असा. लिफ्टमध्ये शिरले तर सातव्या मजल्यावरचा आठ वर्षांचा पोरगा कोपऱ्यात उभा. डोळे लाल, नाक ओढतोय. मला वाटलं मसाल्याने ठसका लागला. म्हटलं, ‘बाळा, तोंडावर रुमाल धर.’ तर म्हणतो, ‘काकू, वॉचमनकाकांनी बॉल घेतला.’

खाली जाऊन बोर्ड बघितला. नोटीस लागलीय. सुट्टीच्या काळात मुलांनी पोडियम, पार्किंग, लॉबी इथे खेळू नये. चेंडू, बॅट, सायकल जप्त करण्यात येईल. गच्ची बंद राहील. खाली शिक्का.

संध्याकाळी त्याची आई भेटली. पोरगी चांगली आहे, सात वाजेपर्यंत ऑफिसात असते. म्हणाली, ‘काकू, या मुंबईत उन्हाळ्यात मुलांना ठेवायचं तरी कुठे? कॅम्पवाले दहा दिवसांचे साडेबारा हजार सांगतायत, तेसुद्धा मॉलच्या आत.’

ठेवायचं. तेव्हापासून हा शब्द डोक्यात फिरतोय. पोरं काय लोणच्याच्या बरण्या आहेत, कुठल्या फळीवर ठेवायच्या ते ठरवायला? तिच्यावर राग नाही माझा. ती दमलेली आहे. राग आहे तो नोटीस लिहिणाऱ्यांवर. ज्या जागेवर आज आपला टॉवर उभा आहे तिथे आमची चाळ होती, आणि चाळीच्या चौकात मे महिन्यात चाळीस-चाळीस पोरं खेळायची. त्यातली काही आज कमिटीवर आहेत. त्यांच्या डोक्यावर टाक्यांच्या खुणा असतील अजून! आणि ते आता चेंडू जप्त करतात.

‘मुंबईत काही नाही’ हे वाक्य ऐकलं की मला नाना दिसतात, माझे वडील.

१९८२ चा मे. गिरण्यांचा संप जानेवारीत सुरू झाला होता. दरवर्षी परीक्षा संपली की आम्ही तिघं भावंडं गावी जायचो, त्या वर्षी एसटीच्या तिकिटाला पैसे नव्हते. पहिल्यांदाच आख्खा उन्हाळा मुंबईत. आणि पहिल्यांदाच नाना दिवसभर घरी. एरवी नाना म्हणजे पाळीवरून येऊन झोपलेला माणूस, ‘हळू बोला’ एवढंच आम्हाला माहीत. त्या महिन्यात रोज जेवण उरकलं की ते म्हणायचे, ‘चला, चपला घाला.’

आणि आम्ही चालत सुटायचो. लालबागहून राणीची बाग चालत. शिवडीचा किल्ला चालत. भाऊचा धक्का चालत. धक्क्यावर रेवसची लाँच सुटताना बघायची, त्यात बसायचं नाही, नुसतं बघायचं. परत येताना एकच बर्फाचा गोळा, तिघांत. कालाखट्टा. धाकट्याला पहिली चोखणी, हा नियम.

त्यातली एक गोष्ट मी आजवर शंभर जणांना सांगितली असेल. नानांना गिरणीतल्या जोडीदाराने सांगितलं होतं की मे महिन्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी गिरणीच्या चिमणीची सावलीच पडत नाही. तारीख त्यांना माहीत नव्हती. मग काय, रोज साडेबाराला गिरणीच्या बंद गेटासमोरच्या फुटपाथवर आमची वरात. नानांच्या हातात त्यांचा स्वतःचा जेवणाचा डबा. संपामुळे तो रिकामाच होता. सरळ उभ्या कडांचा, जाड पत्र्याचा. तो फरशीवर ठेवायचा आणि चौघांनी उकिडवं बसून बघायचं. पहिल्या दिवशी नखाएवढी सावली होती. मग नखाच्या अर्ध्याएवढी. मग एक रेघ. आणि एका दुपारी रेघसुद्धा नाही. डबा नुसता उभा, जसा कोणीतरी चित्रात काढून ठेवलाय. आमच्या तिघांच्या सावल्यासुद्धा पायाखाली गेलेल्या. माझा भाऊ घाबरून नानांच्या पायाला चिकटला होता.

नाना गेटाकडे बघून म्हणाले, ‘आत्ता आत चिमणीची पण सावली नसणार. गेट उघडं असतं तर दाखवली असती.’

खूप वर्षांनी कळलं की याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात आणि मुंबईत तो १५ मेच्या आसपास येतो, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी. सूर्य बरोबर डोक्यावर. पुण्याला आपल्या एक-दोन दिवस आधी. जुलैच्या शेवटी परत एकदा येतो, पण तेव्हा पावसाळी ढगांत कोणाला दिसणार? आणि दिल्लीला हा दिवस कधी येतच नाही, तिथे सूर्य पूर्ण डोक्यावर कधीच येत नाही. म्हणजे दिल्लीच्या पोराला जे जन्मात स्वतःच्या अंगणात बघायला मिळणार नाही ते आपल्या पोरांना दरवर्षी फुकट मिळतं. आणि आपण त्या वेळी गच्चीला कुलूप लावतो!

ऊन वाढलंय, मान्य. घामाने जीव जातो, मान्य. पण पाच मिनिटं टोपी घालून उभं राहिल्याने कोणी वितळत नाही.

आणि दुपार टाळा ना. सकाळ आहे, संध्याकाळ आहे. राणीची बाग सकाळी उघडते, बुधवारी बंद. आई-बाप आणि दोन मुलं मिळून शंभर रुपये. शंभर! पोरं पेंग्विनच्या काचेला नाक लावून उभी राहतात ते राहू देत, पण त्यांना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेरचा दगडी हत्ती दाखवा. तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तुटला. मग तुकडे इथे आणून जोडले. नानांनी आम्हाला सांध्यांवरून हात फिरवायला लावला होता. ‘बघा, तुटला तरी उभा आहे.’ मी तिसरीत होते, मला फक्त हत्ती कळला. त्या महिन्यात ते स्वतःशी काय बोलत होते ते नाही कळलं.

कॅम्पमध्ये म्हणे ‘सेन्सरी ॲक्टिव्हिटी’ असते. अहो, पोराला मसाला गल्लीत घेऊन या. एप्रिल-मे म्हणजे तिथे जत्राच असते. विरार, पनवेल, कल्याण, कुठून कुठून बायका येतात वर्षाचा मसाला करायला. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, आणि प्रत्येकीचं प्रमाण वेगळं, सासूने कानात सांगितलेलं. मोठ्या कढईत मिरच्या भाजायला पडल्या की अख्खी गल्ली शिंकते. लोखंडी डंक वर-खाली आपटत असतात आणि पायाखालची जमीन थरथरते, ती पोरांना पायातून पोटात जाणवते. आज एका बाईने तिच्या नातीच्या हातावर दगडफूल ठेवलं. पोरीने वास घेतला आणि म्हणाली, ‘हे तर बिर्याणीत असतं!’ तिचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही.

किंवा दादर स्टेशनाबाहेर जा. पालघर, कसाऱ्याकडच्या बायका पानाच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या असतात. करवंद घ्यायचं, समोरच्याला विचारायचं, ‘कोंबडा की कोंबडी?’ आणि दाताने तोडून बघायचं. आत लाल निघालं तर कोंबडा. आमच्या बिल्डिंगमधल्या किती पोरांना हा खेळ माहीत आहे? मी आज तिघांना विचारलं. एकालाही नाही. एकाला तर करवंदच माहीत नव्हतं. ताडगोळा सोलून दिला तर म्हणाला जेली आहे. चिडले मी, पण तोसुद्धा बिचारा काय करणार, कोणी दाखवलंच नाही.

आणखी किती सांगू? शिवडीच्या खाडीत मे अखेरपर्यंत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतात, फक्त ओहोटीची वेळ बघून जा. पूर्वीइतके नसतात आता, पण उंच पायांची गुलाबी रांग चिखलात चालताना बघून पोराचं तोंड उघडं पडतंच. मलबार हिलवर झाडांमधून जाणारी लाकडी वाट झालीय, पंचवीस रुपयांत समुद्र दिसतो. वरळीला तारांगण आहे, १९७७ पासून, मराठी खेळ असतो. अर्ध्या रस्त्यांवर सोनमोहराचा पिवळा सडा पडलाय आणि ताम्हण फुललाय, आपल्या राज्याचं फूल ते. एक मेला शिवाजी पार्कवर संचलन असतं. सुट्टीत दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात बालनाट्य लागतं, चेटकीण प्रेक्षकांत उतरली की पाचशे पोरं एकदम किंचाळतात. तो आवाज कुठल्या मॉलमध्ये मिळतो मला सांगा.

आई-बाप दोघं नोकरी करतात, वेळ कुठून आणायचा, हे येणारच कमेंटमध्ये. खरं आहे. माझंही तेच झालं, माझ्या मुलीला मी दोनच उन्हाळे असे देऊ शकले. पण बिल्डिंगमध्ये निवृत्त माणसं किती आहेत? बारा तर मी ओळखते. त्यातल्या तिघांच्या सह्या त्या नोटिशीवर आहेत. दुपारची झोप मोडते म्हणून. अरे, एका रविवारी सहा पोरांना घेऊन राणीच्या बागेत जा, तीच पोरं दुसऱ्या दिवशी दमून तुमच्याबरोबर झोपतील!

इथवर लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. आईचं वय आता ऐंशीच्या पुढे. मला वाटलं, तिला छान वाटेल, नानांची आठवण काढली म्हणून. ती गप्प बसली. मग म्हणाली, ‘तुला काय वाटलं, तुमचे नाना तुम्हाला मजा म्हणून फिरवायचे?’

मी म्हटलं, मग?

‘दुपारी उसने दिलेले लोक यायचे. वाणी यायचा. एक खोली आपली, कुठे लपवणार तुम्हाला? मी गाववाल्यांची खाणावळ चालवायचे, त्यांचेही पगार बंद, तेही पैसे नाहीत म्हणून मान खाली घालून यायचे. पोरांनी ते बघायला नको, म्हणून ते तुम्हाला चार-चार तास बाहेर ठेवायचे.’

ठेवायचे. तिनेही तोच शब्द वापरला.

मी अर्धा तास काही टाइप केलं नाही. चव्वेचाळीस वर्षं मी ही गोष्ट माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर उन्हाळा म्हणून सांगत आले. तो डबा रिकामा का होता ते मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. नानांना त्या गेटासमोर रोज उभं राहताना काय होत असेल? आणि तरी ते उकिडवे बसून आमच्याबरोबर नखाएवढी सावली मोजत होते. नाना जाऊन अकरा वर्षं झाली. विचारायला आता कोणी नाही.

आईला विचारलं, तू कधी आली नाहीस आमच्याबरोबर? म्हणाली, ‘मी दारात उभी राहून त्या लोकांशी बोलत होते ना.’

मग मी सातव्या मजल्यावर फोन केला. मघाशी त्या पोरीच्या ‘ठेवायचं कुठे’वर मी मनातल्या मनात बरंच काही बोलले होते, ते परत घेते. तिला म्हटलं, शनिवार-रविवारी तुझ्या मुलाला मी नेईन, सोबत आणखी कोणी असेल तर तेही. तिला खरंच वाटेना. दोनदा विचारलं, ‘काकू, नक्की ना?’

नोटिशीबद्दल मात्र काही परत घेत नाही. उद्या कमिटीच्या ऑफिसात जाऊन बॉल मागणार आहे. आणि गच्चीची किल्ली. जागा कसली असते, सिमेंटची मोकळी फरशी, तिला कुलूप लावून काय जपताय?

बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या ज्यांना यायचंय त्यांनी १५ मेला सव्वाबाराला गच्चीत या. किल्ली नाही मिळाली तर खाली गेटसमोरच्या फुटपाथवर, आम्हाला त्याची सवय आहे. मुलांना टोपी आणि पाण्याची बाटली द्या. मी कोकम सरबत करून आणते. आईला खुर्चीत बसवून आणणार आहे, ती या वेळी बघणार आहे.

डबाही मीच आणते. नानांचा तोच डबा. सध्या त्यात गेल्या वर्षीचा मसाला आहे, ज्यांना हवाय त्यांनी वाटी घेऊन या, तोवर मला तो रिकामा करायचाय.